हिंदुरावची पाठ

“ते सगळं खरं, वस्ताद. पण बाप व्हायची तयारी कशी करायची, तेवढं सांगा की.”

दस्तगीर वस्तादांनी कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीतला एक खडा उचलला, अंगठ्याखाली घोळवून पाहिला आणि बाहेर टाकला.

“पाठ टेक,” ते म्हणाले.

“काय?”

“पाठ. भुईला टेक.”

हिंदुराव पैलवान हसला. एकशे दहा किलोचा माणूस मोकळेपणानं हसला, की तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. तशी ती उडाली. मग वस्ताद हसत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

हिंदुरावला असं काही सांगणं म्हणजे काय, ते परक्या माणसाच्या लक्षात यायचं नाही. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. त्याआधी तुम्ही वर किती वेळ होता, डाव किती टाकलेत, हे मग कुणी विचारत नाही. आणि हिंदुरावच्या पाठीला जत्रेतल्या आखाड्याची माती नऊ वर्षांत लागलेली नव्हती. सरावात कधीमधी लागली असेल, पण सरावातली पडझड कोण धरतो?

त्यात पाच वर्षांमागं एका जत्रेत एक घोटाळा झाला. कुस्ती निकाली झाली, हलगी कडाडली, आणि गर्दीतला कुणी एक म्हातारा सहज बोलून गेला, “ह्या गड्याच्या पाठीला मातीचा वास ठावं न्हाई.” म्हातारा बोलला आणि चहा प्यायला गेला. हिंदुरावच्या मात्र ते डोक्यात बसलं. त्या दिवसापासून तो अंथरुणातही उताणा झाला नाही. कुशीवर झोपे, पोटावर झोपे, भिंतीला टेकून बसल्या बसल्या घोरे. पण उताणा म्हणून नाही. पाठ टेकली की नशीब उतरलं, हे त्यानं स्वतःशीच ठरवून टाकलं. एकदा ताप भरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आडवे व्हा, पोट बघतो. हा म्हणाला, उभ्यानं बघा. बिचाऱ्या डॉक्टरांनी वाकून वाकून बघितलं.

आता त्याच्या बायकोला, छबूला, सातवा महिना लागला होता. आणि वस्ताद म्हणत होते, पाठ टेक.

“वस्ताद, मी चेष्टा करत न्हाई.”

“मीबी न्हाई.”

“पुढं जत्रांचा हंगाम हाय माझा.”

वस्तादांनी दुसरा खडा उचलला. सत्तरी ओलांडलेला माणूस. अंगावरचं मांस कधीच सरलेलं. मोडलेले, मुडपलेले कान तेवढे पैलवानाचे राहिले होते. रोज सकाळी ते हौद्याच्या काठावर बसत आणि माती निवडत. कुणा पोराच्या कोपराला, गुडघ्याला खडा लागू नये म्हणून. तांदूळ निवडणारी बाईही इतकं मन लावून निवडत नसेल.

“दुसरं कायतरी सांगा,” हिंदुराव म्हणाला.

“दुसरं मला येत न्हाई.”

…

हिंदुराव पाया पडला आणि निघाला. गुरूवर राग आला तरी पाया पडायचं, हे त्याला लहानपणीच शिकवलेलं होतं. शिकवणारे हेच होते.

वस्ताद सांगत नाहीत म्हटल्यावर त्यानं आपल्या अकलेनं तयारी सुरू केली.

मोठी कुस्ती जवळ आली की पैलवान काय करतो? खुराक वाढवतो, मेहनत वाढवतो. हिंदुरावनं तेच केलं. गोठ्यात दुभती म्हैस आणून बांधली. पोतंभर बदाम आणले. सुताराला सांगून सागवानी पाळणा करून घेतला. तो इतका भक्कम झाला की घरात न्यायला चार माणसं लागली आणि टांगायला तुळईला दुप्पट जाड कड्या ठोकाव्या लागल्या. आई म्हणाली, “हिंदूबा, ह्यात लेकरू झोपणार का रेडकू?”

शिंप्याकडून वीतभर लांबीचे तीन लाल लंगोट शिवून आणले. हातभर लांबीची एक लाकडी गदाही आणली.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, बाळ तीन किलोच्या आसपास भरेल. हिंदुरावनं विचार केला. सराव नेहमी दहापट करावा. मग तो रोज सकाळी तीस किलो ज्वारीचं पोतं छातीशी धरून अंगणात येरझाऱ्या घालू लागला. मधूनच पोत्याला हलके हलके थोपटायचा. थोपटलं की शिवण उसवायची आणि अंगणभर ज्वारी. गावातल्या कोंबड्या त्या दोन महिन्यांत बाळसं धरल्यासारख्या झाल्या.

छबू दारात बसून हे बघायची आणि पोट धरून हसायची. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथंच व्हायचं होतं. सासू जिवाला जीव देणारी होती आणि नवरा असा. तिला सुखच वाटत होतं.

“अवो,” एकदा ती म्हणाली, “लंगोट शिवलं खरं. पोरगी झाली तर?”

हिंदुराव पोतं धरून थांबला. खरंच विचारात पडला.

“तर आणि एक शिवू,” तो म्हणाला. “फुलाफुलांचा.”

नवव्या महिन्यात तो पुन्हा तालमीत गेला. या खेपेला छाती पुढं काढून. म्हैस, बदाम, पाळणा, लंगोट, गदा, पोतं, सगळं त्यानं वस्तादांना सांगितलं. सांगता सांगता त्यालाच आपलं कौतुक वाटलं.

वस्तादांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“आणि पाठ?”

…

“न्हाई टेकली.”

वस्तादांनी कोपऱ्यातलं खोरं दाखवलं. “हौदा उकर.”

हिंदुरावनं सदरा काढला आणि हौद्यात उतरला. माती दाबून दाबून घट्ट झाली होती. त्यानं कोपऱ्यापासून सुरुवात केली. खोऱ्यानं ढेकळं उलटायची, हातानं फोडायची, ताक शिंपडायचं, हळदीची पूड उधळायची, पुन्हा उलटायची. हे काम त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की डोकं मोकळं राहिलं. ओल्या मातीचा, ताकाचा वास आला. त्या वासात तो लहानाचा मोठा झाला होता.

“कुणासाठी उकरतोयस?” काठावरून वस्ताद म्हणाले.

“खेळणाऱ्यासाठी.”

“खेळणारा उभा असतोय. उभ्याला काय, फरशी असली तरी चालती.”

हिंदुरावनं दोन-चार वेळा खोरं चालवलं. मग थांबला.

“पडणाऱ्यासाठी,” तो म्हणाला.

 वस्ताद खडा शोधत राहिले.

आता त्या मऊ मातीत घोट्यापर्यंत रुतून उभं असताना हिंदुरावला काय झालं कुणास ठाऊक. जे छबूला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, ते तोंडातून बाहेर पडलं.

“वस्ताद, मला भ्या वाटतंय.”

“कशाचं?”

त्यानं दोन्ही हात पुढं केले. सुपाएवढे हात. पंजाला लाल माती.

“ह्यांचं. दोन सालामागं जत्रंत त्या गड्याचं गळ्याचं हाड मोडलं माझ्या हातून. तुमी हुता की. मी काय मुद्दाम न्हाई केलं, नुस्ती पकड घट्ट केली. कट्‌ करून आवाज आला. तो आवाज अजून कानात हाय माझ्या. तो तर शंभर किलोचा गडी हुता, वस्ताद. आणि हे तीन किलोचं…”

त्यानं हात मागं घेतले.  म्हणून तर ते पोतं, ते थोपटणं. दर वेळी शिवण उसवली, की छबू हसायची आणि हा आपल्या पंजांकडे बघायचा.

“पाठ टेक,” वस्ताद म्हणाले.

आता मात्र हिंदुराव चिडला. इतकं काळीज उघडं करावं आणि पुन्हा तेच ऐकावं!

“पाठ, पाठ, पाठ! मी पाठ टेकणारा न्हाई, वस्ताद. पहिल्या दिसापास्नं न्हाई. आठ वर्षांचा हुतो तवा तुमास्नी पाडलं मी. इथंच. सगळ्या तालमीसमोर. इसरलासा?”

ही गोष्ट गावातल्या प्रत्येकानं निदान दहादा ऐकली होती. हिंदुरावचा बाप तो रांगत असतानाच गेला. तो आठ वर्षांचा झाला तेव्हा आईनं त्याला तालमीत आणून सोडलं, की हाडापेरानं मजबूत होईल, चार पोरांत राहील. पहिल्या दिवशी तो कोपऱ्यात बसून नुसता रडत होता. वस्ताद आले, म्हणाले, चल, खेळू. यानं डोळे पुसले आणि त्यांच्या एका पायाला मिठी मारली. वस्ताद हलले, डुलले, दोन्ही हात हवेत फिरवले आणि धाडकन आडवे झाले. हा त्यांच्या छातीवर जाऊन बसला. तालीम टाळ्यांनी दुमदुमली. वस्तादांनी स्वतःचा फेटा याच्या डोक्यावर ठेवला. तो नाकापर्यंत आला. तसाच फेटा घालून तो घरी गेला आणि आईला म्हणाला, मी वस्तादाला पाडलं. ज्या दस्तगीर वस्तादांना सबंध मुलखात कुणी आसमान दाखवलं नव्हतं, त्यांना.

वस्तादांनी मान वर केली. हिंदुरावकडे बघितलं. त्यांचे डोळे हसत होते असं हिंदुरावला वाटलं. ते पाहून तो जास्तच चिडला.

“इसरीन कसा?” वस्ताद म्हणाले. “लागली हुती माझी पाठ.”

आणि पुन्हा माती निवडायला लागले.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, तालुक्याच्या दवाखान्यात छबू बाळंत झाली. मुलगी झाली. पावणेतीन किलोची, काळ्याभोर जावळाची, आणि आवाज असा की वऱ्हांड्यातल्या बाकावर पोटावर झोपलेला हिंदुराव दचकून खाली पडला. तोंडावर पडला, ते एक बरं.

त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पेढे वाटायचे की जिलेबी, यावर आई आणि शेजारणी वाद घालत होत्या, तोवर यानं दोन्ही वाटून टाकले. गावात आल्यावर हलगी लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत सुटला, “पोरगी झाली! आवाज ऐकला न्हाई तुमी!”

पण मुलीला त्यानं हात लावला नाही.

पहिल्या दिवशी म्हणाला, हात मातीचे आहेत. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आत्ताच तेल चोळलंय, निसटेल. तिसऱ्या दिवशी खोकला झाला. खोकला काही खरा नव्हता. बाळाला कुणी त्याच्यापुढं धरलं, की तो दोन पावलं मागं सरे. जत्रेत भल्याभल्यांपुढं जो मागं सरला नाही, तो दोन मुठींएवढ्या पोरीपुढं मागं सरत सरत भिंतीला टेके.

आणि म्हणून त्यानं एक युक्ती काढली. विहिरीवरचा जुना नाडा, चांगला वीस हात लांब दोर, त्यानं पाळण्याला बांधला आणि खिडकीतून बाहेर ओसरीत आणला. ओसरीवर बसून तो नाडा ओढी आणि आत पाळणा हले. बाळ रडलं की बाहेरून ओढी. थांबलं की सोडी. मोटेच्या बैलांइतक्या नेमानं. आपण फार हुशारीचं काम केलं, असंही त्याला वाटलं.

अकराव्या दिवशी छबूनं त्याला खिडकीशी बोलावलं. ती आत, तो बाहेर, मधे नाडा.

“एक इचारू? खरं सांगशीला?”

“इचार की.”

“पोरगी झाली म्हणून घेत न्हाईसा व्हय तिला?”

हिंदुरावला छातीत कुणी टक्कर दिल्यासारखं झालं.  न्हाई, असं कसं, मला भ्या वाटतंय, एवढंच तर सांगायचं होतं. पण नऊ वर्षं न पडलेला पैलवान घशात आडवा झाला.

…

छबूनं पदरानं डोळे टिपले आणि खिडकीपासून दूर झाली. इतके दिवस हसणारी छबू. हिंदुराव नाडा हातात धरून ओसरीवर बसून राहिला. त्याला जेवण गेलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी बारसं होतं. पाहुणे यायला अजून अवकाश होता. आईनं छबूला न्हाणीघरात नेलं होतं. बाळंतिणीला तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून, ओव्याची धुरी द्यायची म्हणजे तासाभराची निश्चिंती. बाळ पाळण्यात. हिंदुराव ओसरीवर नाड्याशी.

बाळ रडायला लागलं.

हिंदुरावनं नाडा ओढला. ती रडली. जरा जोरात ओढला. ती जास्त रडली. सागवानी पाळणा आत करकर वाजत होता आणि त्याच्या वर तिचा आवाज चढत होता. हिंदुरावला घाम फुटला.

“आई!” त्यानं हाक मारली.

“आमचं हात तेलाचं हायत!” आतून आई ओरडली. “घे तिला!”

तेवढ्यात दस्तगीर वस्ताद अंगणात आले. धुतलेला सदरा, डोक्याला फेटा, हातात झबल्याचं कापड. बारशाला आले होते. त्यांनी हिंदुरावच्या हातातला नाडा बघितला. नाडा कुठं जातो ते बघितलं. मग चपला काढल्या आणि नाड्यावरून हात सरकवत सरकवत, खिडकीपर्यंत, तिथून दारातून आत, पाळण्यापर्यंत गेले. पाळण्याला बांधलेली नाड्याची गाठ सोडली. वीस हात नाडा ओसरीवरच्या हिंदुरावच्या हातात सैल पडला.

“आत ये,” वस्ताद म्हणाले.

हिंदुराव आत गेला. वस्तादांनी मुलीला उचलून घेतलं होतं. तिच्या डोक्याला लाल टोपरं होतं. आजीनं एका लंगोटाचं शिवलेलं. रडून रडून तोंडही त्याच रंगाचं झालेलं.

“झोप,” वस्ताद म्हणाले.

“ती न्हाई झोपत, वस्ताद, मी मघापासून…”

“तिला न्हाई म्हनलो. तुला.”

…

हिंदुरावनं जमिनीकडे बघितलं. शेणानं सारवलेली भुई. काल आईनं बारशासाठी मुद्दाम सारवली होती, वर पांढरी रांगोळी काढली होती.

“वस्ताद… पाठ…”

“ती रडतीया,” वस्ताद म्हणाले.

रडत होती खरी. आता तर आवाज बसायला लागला होता. मधेच श्वास अडकून हुंदका येत होता. तो हुंदका ऐकला आणि हिंदुरावच्या डोक्यातली जत्रा, हलगी, तो चहाला गेलेला म्हातारा, सगळं कुठल्या कुठं गेलं.

तो एका गुडघ्यावर बसला. मग दुसऱ्या. हात टेकला. कुशीवर झाला. तिथं क्षणभर थांबला. पाच वर्षांची सवय होती, ती थांबवतच होती. मग त्यानं डोळे मिटले आणि खांदे सोडून दिले. आधी एक खांदा टेकला. मग दुसरा. थंडगार भुई पाठीला लागली.

वस्तादांनी मुलीला त्याच्या छातीवर पालथं ठेवलं.

ती रडली. एकदा. पुन्हा एकदा, कमी. मग छातीच्या आत काय धडधडतंय ते ऐकत असल्यासारखी गप्प झाली. तिनं एक मूठ उघडली, त्याच्या छातीवरचे केस पकडले आणि मूठ मिटली. पकड चांगली घट्ट होती. हिंदुरावच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या केसांमुळं, असं त्यानं पुढं सगळ्यांना सांगितलं.

त्याचे दोन्ही हात हवेत होते. कुठं ठेवावेत कळत नव्हतं.

“हात ठेव,” वस्ताद म्हणाले.

“मोडंल…”

“ठेव.”

त्यानं एक हात खाली आणला. हळू.  पंजा तिच्या पाठीवर टेकला आणि ती मानेपासून पायांपर्यंत त्या एका पंजाखाली झाकली गेली. तो कान देऊन ऐकत राहिला. कट्‌ असा आवाज आला नाही. तिचा श्वास तेवढा वर-खाली होत होता आणि त्याच्याबरोबर त्याचा हात वर-खाली होत होता. तो जड हात तिला आवडला असावा. तिनं एक उसासा टाकला, मोठ्या माणसासारखा, आणि झोपली.

हिंदुरावच्या डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत गेलं. उताणं झोपून रडलं की पाणी कानांत जातं, हे तो विसरूनच गेला होता. वर कौलं दिसत होती. एका कौलाच्या जागी काच होती आणि तिच्यातून उन्हाचा कवडसा खाली येत होता. आढ्याला चिमण्यांनी घरटं केलं होतं. आपल्याच घरात हे सगळं आहे, हे त्यानं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला, की हसू येऊ लागलं. पण हसलं तर छाती हलेल म्हणून ते त्यानं दाबून धरलं.

न्हाणीघराचं दार वाजलं. ओल्या केसांना पंचा गुंडाळलेली छबू दारात आली आणि तिथंच खिळली. तिच्या मागं आई, कोपरापर्यंत तेल.

छबूनं नवऱ्याकडे बघितलं. भुईला टेकलेल्या त्याच्या खांद्यांकडे बघितलं. भुईवर रांगोळी फिसकटली होती.

“अवो…” ती हळूच म्हणाली. “पाठ…”

“हळू बोल,” हिंदुराव ओठांतल्या ओठांत म्हणाला. “जागी हुईल.” आणि मग जे काल घशात अडकलं होतं, ते एकदाचं सुटलं. “मला भ्या वाटत हुतं, छबे. हातांचं. दुसरं काय न्हवतं गं.”

छबू त्याच्या डोक्याशी खाली बसली. रडत होती आणि हसत होती.

“एवढा मोठा पैलवान,” ती म्हणाली, “पावणेतीन किलोनं पाडला.”

“पाडला,” हिंदुराव म्हणाला. एवढ्या अभिमानानं त्यानं जिंकलेली कुस्तीही कधी सांगितली नव्हती.

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या घुगऱ्या करपायला आल्या होत्या.

वस्ताद दाराकडे निघाले. बाहेर बारशाच्या मांडवाचं काम बघायचं होतं. हिंदुराव पडल्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होता. खालून वर. असं त्यांच्याकडे त्यानं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. उलट्या बाजूनं मात्र बघितलं होतं, एकदा. वरून खाली. आठ वर्षांचा असताना, त्यांच्या छातीवर बसून. तेव्हा त्यांचा चेहरा कसा दिसत होता, ते त्याला एकाएकी आठवलं. पडलेला माणूस इतका खूश कसा, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“वस्ताद…”

ते थांबले.

“त्या दिशी… मी लहान हुतो तवा…” छातीवरची पोर हलली. तो गप्प झाला. ती पुन्हा स्थिर झाल्यावर कुजबुजला, “मी खरंच पाडलं हुतं तुमास्नी?”

वस्ताद मागं आले. वाकले. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी तो बाळाच्या पाठीवर, हिंदुरावच्या पंजावरून, अलगद पसरला.

“मला काय इचारतोस?” ते म्हणाले. “जिंकलीया ती. उठली की तिला इचार.”